इंजिन चालते, यंत्र मात्र हलत नाही

"इंजिनाचा आवाज ठणठणीत आहे, कात्री फिरते आहे, मळणीचा ड्रमही फिरतो आहे. मग यंत्र जागच्या जागी का थांबते? सकाळी तर धावत होते!" भातकापणीच्या दिवसांत यंत्र भाड्याने आणणाऱ्या शेतकऱ्याचा हा प्रश्न असतो. बांधावर जमलेल्यांपैकी कोणीतरी "क्लच गेला" असा निकाल देऊन टाकतो, दुसरा "गियर बॉक्स उघडायला लागणार" म्हणतो. पण या यंत्रात चाके फिरवण्याचे मुख्य काम दातेरी गियर करत नाही. ते काम तेल करते. त्यामुळे बिघाड शोधण्याची रीतही वेगळी आहे, आणि ती एकदा समजली की निम्मे निदान शेतकऱ्याला किंवा ऑपरेटरला बांधावर उभ्या उभ्या करता येते.

१. तेलाने चाके फिरवणारी पेटी असते कुठे?

तेलाच्या दाबाने चाके फिरवणाऱ्या या रचनेला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात. बोलताना मेकॅनिक 'एचएसटी' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आपल्या बाजारात मिळणारे छोटे ट्रॅक्टर बहुतेक गियरचेच आहेत. महिंद्रा जिवो २४५ ला पुढचे ८ आणि मागचे ४ गियर, कुबोटा निओस्टार बी २४४१ ला ९ आणि ३, व्हीएसटीच्या एमटी १८० डी ला ६ आणि २. अमेरिकेत मात्र याच आकाराचा ट्रॅक्टर बहुधा एचएसटीचा असतो: पेडल दाबले की पुढे, उलटे दाबले की मागे, मध्ये क्लच नाही. कुबोटाची बीएक्स मालिका किंवा जॉन डियरचा १०२५ आर ही त्याची ओळखीची उदाहरणे.

गोव्याच्या शेतात एचएसटी आली ती दुसऱ्या वाटेने. चिखलात साखळ्यांवर चालणारे भातकापणी-मळणी यंत्र, उदाहरणार्थ कुबोटाचे डीसी-६८जी, एचएसटीवर चालते. बसून चालवायच्या काही लावणी यंत्रांतही ती असते. पत्रादेवी ते करासवाडा महामार्ग रुंद होत असताना माती दाबणारे जे थरथरते रोलर पेडण्याच्या लोकांनी पाहिले, त्यांचाही ड्रम असाच तेलाच्या दाबाने पुढे-मागे जातो. पोकलेनच्या साखळ्याही तेलानेच फिरतात, फक्त तिथली मांडणी थोडी निराळी असते. छोटा ट्रॅक्टर असो वा कापणी यंत्र, एचएसटीचे तत्त्व एकच आहे आणि तिची दुखणीही जवळपास तीच आहेत.

कापणी यंत्राला ही भानगड हवी कशाला? मळणीचा ड्रम ठरलेल्या वेगानेच फिरावा लागतो. तो मंदावला तर दाणा पेंढ्यातून सुटत नाही, जास्त जोराने फिरला तर दाणा फुटतो. म्हणून इंजिन एकाच वेगावर ठेवावे लागते. पण जमिनीवरचा वेग तर सतत बदलायचा असतो. परतीच्या पावसाने आडवे पडलेले भात हळूहळू उचलावे लागते, उभे पीक झरझर कापता येते आणि कोरगावच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, एका कुणग्यात चिखल तर शेजारच्यात कोरडी भेग असते. इंजिनाचा वेग न बदलता यंत्राचा वेग शून्यापासून हवा तितका करणे गियरला जमत नाही. एचएसटीला जमते. त्या सोयीची किंमतही द्यावी लागते. चांगला गियर बॉक्स इंजिनाची ९० टक्क्यांहून जास्त ताकद चाकांपर्यंत पोचवतो, एचएसटी साधारण ८० टक्क्यांच्या आसपास. उरलेली ताकद तेल गरम करण्यात जाते. ही उष्णता लक्षात ठेवा, पुढे वारंवार तिच्याकडेच यायचे आहे.

कल्पना काही नवी नाही. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडले. इंग्लंडमधल्या सिल्सो येथील शेती अभियांत्रिकी संस्थेने १९५४ मध्ये तेलावर चालणारा ट्रॅक्टर करून दाखवला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ६५६ हा हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर बाजारात आणला.

२. तेल चाक कसे फिरवते

पेटीत दोन मुख्य भाग असतात. पंप इंजिनाने फिरतो आणि तेल ढकलतो. ते तेल मोटरमध्ये शिरून तिला फिरवते, आणि मोटर पुढे साध्या गियरमधून चाके किंवा साखळ्या फिरवते. काम झालेले तेल मोटरमधून परत पंपाकडे येते. वाट बंदिस्त आहे, तेच तेल गोल फिरत राहते.

वेग बदलतो कसा? पंपात एका गोल ठोकळ्यात सात-नऊ छोटे पिस्टन वर्तुळात बसवलेले असतात. ठोकळा फिरतो तेव्हा पिस्टनांचे पाय एका तबकडीवर घसरत जातात. जेवणाचे ताट किंचित तिरके धरले आणि त्याच्या काठावरून मुंगी फिरू लागली, तर अर्धा फेरा ती चढेल आणि अर्धा फेरा उतरेल. पिस्टनचे तसेच होते. चढताना तो आत दाबला जाऊन तेल बाहेर ढकलतो, उतरताना बाहेर येऊन तेल ओढून घेतो. ताट सपाट धरले तर चढ-उतार नाही, म्हणजे तेल वाहत नाही आणि यंत्र उभे राहते. हीच 'न्यूट्रल' स्थिती. तबकडी जास्त तिरकी केली की तेल जास्त आणि वेग जास्त. ती दुसऱ्या बाजूला कलवली की तेल उलटे वाहते आणि यंत्र मागे जाते. ऑपरेटरच्या हातातला दांडा किंवा पायाखालचे पेडल फक्त ही तबकडी कलवते. मेकॅनिक तिला 'स्वॅश प्लेट' म्हणतात.

आता थोडे आकडे. समजा, तबकडी पूर्ण कलली असताना पंप एका फेऱ्यात २० घन सेंटीमीटर तेल ढकलतो आणि इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेते. म्हणजे मिनिटाला ४८ लिटर तेल. मोटरही एका फेऱ्याला २० घन सेंटीमीटर घेणारी असेल तर तीही २४०० फेरे घेईल. तबकडी पाव कलली तर १२ लिटर तेल आणि मोटरचे ६०० फेरे.

तेलाचा प्रवाह वेग ठरवतो, दाब जोर ठरवतो. सपाट जमिनीवर दाब कमी लागतो, चढावर किंवा चिखलात तो आपोआप वाढतो. तो किती वाढू द्यायचा याची मर्यादा रिलीफ व्हॉल्व्ह ठेवतो. मर्यादा ओलांडली की तो उघडतो आणि तेलाला पळवाट देतो.

तिसरा भाग लहान असला तरी रुसला की सगळे अडते. पंपात आणि मोटरमध्ये हलणाऱ्या भागांच्या फटीतून थोडे तेल सतत पाझरते. ते पाझरणे हवेच असते, कारण त्यानेच भागांना वंगण मिळते. पण मुख्य वाटेतले तेल त्यामुळे कमी होते. ती तूट भरून काढायला एक छोटा पंप फिल्टरमधून तेल ओढून कमी दाबाने आत देत राहतो. त्याला चार्ज पंप म्हणतात. तो उपाशी राहिला तर मोठा पंप कितीही निरोगी असो, त्याला ढकलायला तेलच उरत नाही.

३. गळतीचे गणित

एचएसटीची बहुतेक दुखणी आतल्या गळतीशी येऊन पोचतात. ही गळती जमिनीवर दिसत नाही, कारण पाझरलेले तेल टाकीतच परत जाते.

वरच्याच उदाहरणात आत मिनिटाला ३ लिटर तेल पाझरते असे धरू. पूर्ण वेगात ४८ पैकी ४५ लिटर मोटरकडे जाईल, फरक ६ टक्के, ऑपरेटरला कळणारही नाही. पाव वेगात १२ पैकी ९ लिटर, म्हणजे २५ टक्के तूट. आणि अगदी सावकाश, मिनिटाला ४.८ लिटरवर चालताना? उरतात फक्त १.८ लिटर. चढावर दाब वाढून गळती ५ लिटरवर गेली की पंप फिरतो, तेल फिरते आणि यंत्र उभेच राहते. म्हणून झिजलेली एचएसटी डांबरी रस्त्यावर धडधाकट वाटते आणि बांध चढताना, चिखलात, हळू काम करताना मान टाकते. जुने यंत्र विकत घेताना विक्रेता ते अंगणात गोल फिरवून दाखवतो. त्यावरून काहीही कळत नाही.

उष्णतेचे गणित याहून कडक आहे. '४६ नंबर'चे हायड्रॉलिक तेल म्हणजे ४० अंश सेल्सियसला ज्याचा दाटपणा ठरलेल्या मापावर ४६ भरतो ते. हेच तेल १०० अंशांना सातच्या आसपास येते, जवळजवळ साडेसहा पट पातळ. पातळ तेल त्याच फटीतून तितकेच जास्त पळते. पळणारे तेल आणखी उष्णता निर्माण करते, तेल आणखी पातळ होते. सकाळी धावणारे यंत्र दुपारी का थांबते, याचे उत्तर इथे आहे.

फटीचे तर विचारूच नका. नव्या पंपात पिस्टन आणि भोक यांच्यातली फट साधारण १० ते २० मायक्रॉन असते, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते.

४. इंजिनाला कळते आहे का?

बिघाड शोधताना मी सगळ्यांत वर ठेवीन तो प्रश्न हा: यंत्र थांबते त्या क्षणी इंजिन दबते का?

इंजिनाचा आवाज खाली जात असेल, धूर येत असेल, ते बंद पडू पाहत असेल, तर ताकद तेलापर्यंत पोचते आहे आणि तेल ती पुढे ढकलतेही आहे. अडथळा पुढे आहे: हँडब्रेक ओढलेला, ब्रेक चिकटलेला, साखळीत चिखल-पेंढा घट्ट बसलेला, किंवा ऑपरेटरने चढावर दांडा पूर्ण पुढे ढकललेला. हे शेवटचे कारण नव्या माणसाच्या हातून नेहमी घडते. गियरच्या सवयीने तो चढावर आणखी दाबतो. एचएसटीत उलटे करायचे असते. दांडा थोडा मागे घ्यायचा, म्हणजे तबकडी कमी कलते, तेल कमी पण जास्त दाबाने जाते आणि यंत्र हळू का होईना जोराने चढते.

इंजिन मात्र निवांत गुणगुणत राहिले आणि यंत्र थांबले, तर इंजिनावर ओझे पोचतच नाही. एक तर तेल आतल्या आत पळते आहे, किंवा चार्ज पंप उपाशी आहे, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आहे, किंवा इंजिनाकडून पेटीकडे येणारा पट्टाच घसरतो आहे.

दुसरा प्रश्न थंड-गरमचा.

"भाऊ, सकाळीसुद्धा असंच होत होतं?"

"नाही ओ पात्रांव, दहा-साडेदहापर्यंत काही नसतं. ऊन तापलं की मग सुरू."

या एका उत्तरात निदानाचा मोठा भाग आला. गरम झाल्यावरच अडत असेल तर थंडावा, तेलाचा प्रकार किंवा झीज. थंड असतानाही अडत असेल तर तेलाची पातळी, फिल्टर, लिंकेज, व्हॉल्व्ह. तिसरा प्रश्न दिशेचा: पुढे आणि मागे दोन्हीकडे अडते की एकीकडेच? चौथा आवाजाचा. शेतात उभ्या उभ्या यापेक्षा जास्त विचारायची गरज पडत नाही.

५. स्वस्त जागा आधी

यंत्र सपाट जागी उभे करा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला. कात्री वर उचललेली असेल तर खाली टेकवा.

तेलाची पातळी पाहा, पुस्तिकेत लिहिलेल्या पद्धतीनेच. काही यंत्रांत ती थंड असताना पाहायची असते, काहींत कात्री पूर्ण खाली ठेवून. छोट्या ट्रॅक्टरांत एचएसटी, मागची लिफ्ट आणि कधी स्टिअरिंग एकाच टाकीतले तेल वापरतात, म्हणून तिथे एक फुकटची चाचणी मिळते. लिफ्टही सुस्त झाली असेल तर दोष सामाईक जागी आहे: तेल कमी किंवा तेल ओढणारा फिल्टर तुंबलेला. लिफ्ट झटकन उठते आणि चाकेच फिरत नाहीत, तर एचएसटीकडे पाहा.

बायपासचा दांडा तपासा. यंत्र बंद पडल्यावर ढकलता यावे म्हणून काही एचएसटींना तेलाची पळवाट उघडणारा व्हॉल्व्ह दिलेला असतो. ट्रकवरून यंत्र उतरवताना कोणीतरी तो उघडतो आणि बंद करायला विसरतो. मग इंजिन कितीही पळवा, यंत्र हलणार नाही. इथे एक धोका सांगायलाच हवा. बायपास उघडा असेल तर तेलाचा अटकावही जातो, उतारावर यंत्र मोकळे सुटते. बायपास उघडून उतारावर यंत्र ढकलू नये, आणि दोरी बांधून रस्त्याने वेगात ओढू नये. ओढायचे तर मोटर आणि चाके यांच्यामधला उपगियर न्यूट्रलमध्ये टाकून, सावकाश, थोडेच अंतर.

मग लिंकेज. दांड्यापासून तबकडीपर्यंत सळ्या आणि पिना असतात. पिन झिजली, नट सैल झाला की दांडा पूर्ण पुढे जातो पण तबकडी अर्धीच कलते. यंत्राचा कमाल वेग कमी होतो, जोर मात्र चांगला राहतो. पेटी दोषी असती तर जोर आधी गेला असता. न्यूट्रलला ठेवूनही यंत्र हळूहळू सरकत राहते, तेव्हाही कारण बहुधा लिंकेजचेच असते. ते पेटी न उघडता बाहेरून जुळवता येते.

कापणी यंत्रांत पेटी बऱ्याचदा पट्ट्याने फिरते, म्हणून पट्ट्याचा ताण आणि त्यावर तेल-पाणी उडाले आहे का हे पाहा. घसरणारा पट्टा रबर जळाल्याचा वास देतो.

थंडावा देणारी जागा शेवटी लिहितो, पण कापणीच्या दिवसांत मी ती सगळ्यांत आधी पाहीन. तेलाचा कूलर, पेटीवरच्या पट्ट्या, छोटा पंखा: भाताचा कोंडा, पेंढा आणि चिखल यांचा थर तिथे सकाळपासून साचत असतो. मऊ ब्रश आणि हवा, एवढेच लागते. यंत्र तासभर थांबवून ही साफसफाई केली आणि दुपारीही नीट चालले, तर प्रश्न तिथेच संपला. तापमान मोजायचे तर बंदुकीसारखा औद्योगिक थर्मामीटर घ्या. कोविडच्या काळात घरोघरी आलेला कपाळाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ताप मोजण्यापुरताच आहे.

६. फेस, कुरकुर आणि दुधाळ तेल

सुस्थितीतली एचएसटी एकसुरी घुमते. तो सूर कर्कश झाला, किंचाळल्यासारखा किंवा खडी हलवल्यासारखा आवाज आला, तर पंपाला पुरेसे तेल मिळत नाही किंवा तेलात हवा आहे. डिपस्टिक काढून पाहा, फेस दिसेल. हवा येते ती तेल ओढणाऱ्या नळीतून, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. दाबाच्या नळीला चीर पडली तर तेल बाहेर उडते. ओढणाऱ्या नळीला चीर पडली तर इंजिन चालू असताना तेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या नळीचे क्लँपही आवळून पाहायचे.

तेल चहासारखे दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. यंत्र या काळात छपराखाली नुसते उभे असले तरी दमट हवा ब्रेदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या छिद्रातून, आत जाते, रात्री थंड होऊन तिचे थेंब बनतात. खाजनातल्या कामात पाणी खारे असते, ते जास्त वाईट, कारण त्याने पोलादी भागांवर गंज चढतो. काम झाल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावेच. पण प्रेशरची धार ब्रेदर, डिपस्टिक आणि शाफ्टच्या ऑईल सीलवर मारू नये.

शंका असेल तर चाचणी सोपी आहे. जुना तवा चांगला तापवा, त्यावर तेलाचा एकच थेंब टाका. तडतडले तर पाणी आहे, नुसता धूर आला तर नाही. चष्मा घाला, चेहरा लांब ठेवा आणि तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. पाणी निघाले तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे, आणि पाणी कुठून शिरले ते शोधल्याशिवाय नवे तेल ओतायचे नाही.

तेल कोणते, यावर दुकानात हमखास घोटाळा होतो. "हायड्रॉलिक ६८ द्या" म्हटले की डबा मिळतो. छोट्या ट्रॅक्टरात एचएसटी, गियर आणि तेलात बुडालेले ब्रेक एकाच तेलावर असतील, तर नुसते हायड्रॉलिक तेल तिथे अपुरे पडते. ब्रेक ओरडू लागतात, गियरांना हवे ते संरक्षण मिळत नाही. पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्यावा, दोन प्रकार मिसळू नयेत. चार-पाचशे रुपये वाचवायला केलेला हा प्रयोग सगळ्यांत महाग पडतो.

७. एकाच दिशेला अडते तेव्हा

यंत्र पुढे जात नाही पण मागे खुशाल जाते, किंवा उलट. पंप आणि मोटर दोन्ही दिशांना तेच असतात, तेव्हा सरसकट झीज हे कारण नसावे. लिंकेज ठीक असेल तर संशय व्हॉल्व्हवर. प्रत्येक दिशेच्या वाटेला आपला वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह आणि तेल आत घेणारा चेक व्हॉल्व्ह असतो, बऱ्याच यंत्रांत दोन्ही एकाच तुकड्यात. त्याच्या बैठकीत बारीक कचरा अडकला की तो पूर्ण बंद होत नाही.

दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह सारखे असतील तर मेकॅनिक त्यांची अदलाबदल करतो. दोष दुसऱ्या दिशेला गेला तर व्हॉल्व्हच गुन्हेगार. काही यंत्रांत दोन दिशांच्या व्हॉल्व्हची मर्यादा वेगवेगळी ठेवलेली असते, म्हणून आधी पुस्तिका पाहायची. आणि हे काम शेतात करायचे नाही. का, ते डिचोलीत चांगले कळते.

८. लाल धूळ

डिचोली तालुक्यात शिरगाव, मुळगाव, पिळगाव, मये या गावांना खाणीची लाल धूळ नवी नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत थांबल्या. धूळ कमी-जास्त झाली, पण जांभ्याची माती तर इथलीच. गोव्याचे लोहखनिज मुख्यतः हेमॅटाइट. कठीणपणाच्या 'मोह्स' मापावर हेमॅटाइट ५.५ ते ६.५, वाळूतला क्वार्ट्झ ७. पंपात पिस्टनांचे पाय आणि ठोकळ्याचा घासणारा पृष्ठभाग अनेकदा ब्राँझचा असतो, तो त्याच मापावर तीनच्या आसपास. हेमॅटाइटचा एक कण फटीत शिरला की तो ब्राँझवर ओरखडा काढत फिरतो.

माणसाच्या डोळ्याला दिसणारा बारीकात बारीक कण साधारण ४० मायक्रॉनचा. पंपातली फट त्याहून लहान. त्यामुळे हातावर घेतलेले तेल स्वच्छ दिसते, याला काही अर्थ नाही. बाटलीत घेतलेल्या नमुन्यावर लोहचुंबक फिरवून पाहावे. चिकटणारा काळा लगदा म्हणजे पोलाद झिजते आहे. उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दिसली तर ब्राँझ निघते आहे, आणि ती बातमी जास्त वाईट.

म्हणूनच तेल भरताना फनेल पुसायला कमरेचा पंचा वापरायचा नाही. टोपण उघडण्यापूर्वी त्याच्या भोवतालची जागा धुऊन कोरडी करायची. तेल नव्या, सीलबंद डब्यातूनच घ्यायचे. फिल्टर बदलायचा तर वारा नसलेल्या शेडमध्ये. खाणपट्ट्यात पोकलेनची दुरुस्ती करून हात तयार झालेल्या मेकॅनिकला हे सांगावे लागत नाही. डिचोली-साखळी भागात हायड्रॉलिकचे काम जाणणारी माणसे भेटतात ती खाणींमुळेच. नुसत्या डिझेल इंजिनाच्या मेकॅनिकपेक्षा असा माणूस गाठलेला बरा, ही माझी पसंती.

९. गेज लावल्यावर

स्वस्त जागा सगळ्या पाहून झाल्या आणि दोष कायम राहिला, तर मेकॅनिकला बोलवा आणि पेटी उघडण्याआधी दाब मोजायला सांगा. जो गेज न लावता "पंप गेला" म्हणतो त्याच्याकडून पेटी उघडून घेऊ नये.

आधी चार्ज पंपाचा दाब. तो यंत्रागणिक वेगळा, साधारण ५ ते २५ बार, नेमका आकडा पुस्तिकेत. थंड असताना आणि चांगले गरम झाल्यावर असा दोनदा मोजायचा. दोन्ही वेळा कमी असेल तर फिल्टर, चार्ज पंप किंवा त्याचा छोटा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे तुलनेने कमी खर्चाची दुरुस्ती. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर कोसळत असेल तर आत गळती वाढलेली आहे. चार्जचा दाब दोन्ही वेळा नीट, पण ओझ्याखाली मुख्य दाब चढत नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा झिजलेले पंप-मोटर. मुख्य वाटेत २०० ते ३५० बारपर्यंत दाब असतो, म्हणून तिथे घरगुती गेज लावायचा विचारही करू नका.

या दाबाची एक इजा फसवी असते. होज पाइपला टाचणीएवढे भोक पडले तर निघणारी तेलाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेर फक्त एक ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती शोधताना पाइपवरून हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. धार लागलीच तर घरगुती उपचार न करता थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) जा आणि डॉक्टरांना "दाबाचे तेल आत गेले आहे" असे स्पष्ट सांगा.

१०. पेटी उघडल्यावर

झीज ठरली की दोन वाटा उरतात: घासणारे भाग बदलणे किंवा पूर्ण पेटी बदलणे. जुन्या यंत्राच्या बाबतीत पूर्ण पेटीची किंमत ऐकून मालक दचकतो आणि नुसता पंप बदलायला सांगतो. मोटर, कूलर, पाइप आणि टाकी यांत जुन्या पंपाचे धातूचे कण बसलेले असतात. नवा पंप पहिल्याच दिवशी ते ओढून घेतो. टाकी, पाइप आणि कूलर धुतले नाहीत तर नव्या पंपाचे पैसे पाण्यात गेले समजा. बिलात या धुण्याची ओळ आहे का ते पाहून घ्या. नसेल तर विचारा.

पेटी बसवल्यावर इंजिन लगेच पळवायचे नाही. आत तेल भरून, चाके किंवा साखळ्या जमिनीपासून उचलून पक्क्या आधारावर ठेवून, मंद वेगात दांडा थोडा पुढे-मागे करत हवा निघू द्यायची. फेस जाईपर्यंत आणि पातळी स्थिरावेपर्यंत कामाला लावायचे नाही.

नवे यंत्र घेणाऱ्यांना एक विनंती. घासणारे भाग एकमेकांना जुळताना धातूचे सर्वांत जास्त कण पहिल्या काही दिवसांत सुटतात, म्हणून बहुतेक कंपन्या पहिला फिल्टर सुमारे ५० तासांच्या कामानंतर बदलायला सांगतात. हंगामात हे ५० तास आठवड्याभरात भरतात, आणि नेमक्या त्या दिवसांत यंत्र थांबवायला कोणी तयार नसतो. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत तो आकडा शोधा, मीटरशेजारी रंगाने लिहून ठेवा, आणि त्या दिवशी अर्धा दिवस यंत्र उभे करा.